सगळे रिपोर्ट नॉर्मल

रायपूर,
२ जुलै २०१२, सोमवार

प्रिय चेतना,
सप्रेम जय भीम.

इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, तुम्हीही सगळे मजेत असाल अशी आशा करतो. बाबांनी लहानपणी पत्र असंच सुरू करायला शिकवलं, म्हणून हात आपोआप चालला. तू मजेत नाहीस हे मला ठाऊक आहे. तरी खोडत नाही. कागदावर तरी असू दे.

आपण दोघं कायम हिंदीतच बोललो. काल हिंदीत लिहायला बसलो तर सरकारी अर्जासारखं व्हायला लागलं. भांडायचो तेवढं मराठीत, म्हणून मराठीत लिहितो. पिंकी म्हणाली, दीदी दोन-चार ओळी ऐकते आणि डोळे मिटते, मग थोड्या वेळानं 'आगे' म्हणते. म्हणून परिच्छेद लहान ठेवीन. जमलं तर. पिंकी, तू मोठ्यानं वाचून राहिली ना? तुझ्यासाठी पाकिटात चॉकलेट आहे. आता नाक मुरडू नको, वाच.

बातम्या अशा. माझं कॉलेज सुटलं ते सुटलंच. प्रिन्सिपल म्हणाले, माफीनामा लिहून दे, परत घेतो. मी नाही दिला. त्या पोट्ट्यानं कॅन्टीनमध्ये तुला 'ड्रामा क्वीन' म्हटलं होतं, त्याचा दात पडला तो मला मंजूर आहे.  बाबा म्हणाले, "नत्थू रामटेक्याचा पोट्टा बीएस्सी फायनलमधून पळाला, हे वर्कशॉपमधल्या फोरमनलेही माहीत झालं. आता काय करशील? माह्यासारखे रेल्वेचे डबे मोजशील?"

डबे नाही, रक्त मोजतो. समता कॉलोनीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागलो आहे. सकाळी साडेपाचला मोटरसायकलवर बर्फाचा डबा बांधून निघतो, उपाशीपोटीचे सॅम्पल घरोघरी जाऊन घेतो. सोमवारी भनपुरीला, ट्रान्सपोर्टवाल्यांकडे. ट्रक चालवणारे एवढाले लोक सुई पाहून तोंड फिरवतात. एक सरदारजी म्हणाला, "ओ डॉक्टर, आराम से!" मी डॉक्टर झालो, ऐकलंस का?

आता खरी गोष्ट. आमच्या लॅबच्या डॉक्टर विनोदिनी मॅडमना तुझे सगळे रिपोर्ट दाखवले. हो, तुला न विचारता. रागव. त्यांनी चष्मा वर करून एकेक कागद पाहिला. सीबीसी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, शुगर, लिव्हर, सगळं नॉर्मल. मला वाटलं त्याही म्हणतील, टेन्शन आहे, लग्न करून द्या. त्या म्हणाल्या, "हिला ताप कधी आला होता?" मी म्हटलं, मागच्या सप्टेंबरात, बारा दिवस. त्या म्हणाल्या, "आणि त्यानंतर ही उठलीच नाही."

म्हटलं, नाही.

मॅडमनी मग मला समोर बसवलं. म्हणाल्या, समज मोहल्ल्यात चोर आला. सगळे लाठ्या घेऊन बाहेर पडले. चोर पळून गेला. पण कोणीच घरी जाऊन झोपायला तयार नाही. रोज पहारा, रोज आरडाओरडा. मग दुसऱ्या दिवशी कोण कामावर जाणार? दुकानं बंद, नळावर कोणी नाही, चूल थंड. बाहेरचा माणूस येऊन पाहील तर म्हणेल, काय आळशी लोक आहेत! शरीराची रोगाशी लढणारी जी व्यवस्था आहे, तिचं काही लोकांत असं होत असावं. ताप जातो, पहारा उठत नाही.

मी विचारलं, असावं म्हणजे? आहे की नाही? मॅडम म्हणाल्या, "यशदीप, जगात यावर अजून भांडण चालू आहे. कोणाला काही रोग्यांच्या रक्तात लढणाऱ्या पेशी मंद सापडल्या, कोणाला नाही सापडल्या. हे दाखवील अशी टेस्ट आपल्याकडे नाही, माझ्या माहितीत कुठंच नाही. पण पोरगी खोटं बोलते असं या कागदांत कुठंही लिहिलेलं नाही. एवढं मी सही करून देईन."

चेतना, मी लॅबच्या जिन्यात बसून रडलो. खरंच. (पिंकी, ही ओळ सोडून दे.)

मंगळवारी मी तुला पाहिलं. तुमच्या क्वार्टरच्या मागच्या बगीच्यात, पावणेसहा वाजता. तुझे पापा पुढे, तू मागे. तू नळाच्या ओट्यावर बसलीस आणि डोकं गुडघ्यांवर टेकलंस. काका उभे राहून काहीतरी म्हणत होते, मला ऐकू आलं नाही. मग तू उठलीस. भिंतीला हात लावत लावत. मी थांबणार होतो, पण डब्यात सॅम्पल होते, खराब झाले असते.

पिंकी म्हणते, काका तुला पहाटे उठवून असं रोज चालवतात, दीड महिना झाला. रोज बगीच्याच्या दोन चक्कर, आणि आता तुला हात वर करून केस बांधणंही होत नाही. मॅडमना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, हेच तर नको! जेवढं बळ आहे त्याच्या आत राहायचं. त्याबाहेर ढकललं की ती खाली जाते, आणि दर वेळी पूर्ण वर येईलच असं नाही.

काकांना हे कोण सांगेल? ते सरकारी ऑफिसातल्या सेक्शनमधले माणूस, त्यांना कागद लागतो. तर मी एक विचार केला आहे. रिपोर्ट छापायचा कंप्यूटर सकाळी माझ्याच हातात असतो. शरीरातली सूज दाखवणारा ईएसआर तुझा बारा आला होता. बाराचे अठ्ठ्याऐंशी करायला दोन मिनिटं. लाल अक्षरात येईल. काका दुसऱ्या दिवसापासून तुला उठवणार नाहीत.

तू फक्त हो म्हण. पिंकीजवळ निरोप दे.

तुझाच,
यश


रायपूर,
२२ जुलै २०१२, रविवार

प्रिय चेतना,
जय भीम.

तुझा निरोप मिळाला. पिंकीनं वहीच्या पानावर लिहून आणला, सदर बाजारात चुडीच्या दुकानासमोर माझ्या हातात कोंबला आणि म्हणाली, "भैया, दीदी ने जैसा बोला वैसा ही लिखा है, मुझ पर गुस्सा मत होना." तिथंच उभा राहून वाचला. मागून स्कूटरवाले हॉर्न मारत होते.

'रिपोर्ट झूठी बनेगी तो मैं भी झूठी बन जाऊँगी. पापा को बस इतना बता दो कि उस दिन मुझसे काम किसने करवाया था.'

दोनच ओळी. एवढं बोलायला तुला किती वेळ लागला असेल!

पहिले तर मी संतापलो. म्हटलं, मी हिच्यासाठी नोकरी पणाला लावायला तयार आहे, अन् ही मलाच पकडून राहिली! दोन दिवस मनातल्या मनात तुझ्याशी भांडलो. भनपुरीच्या रस्त्यावर हेल्मेटच्या आत मोठ्यानं बोलत होतो. तिसऱ्या दिवशी भांडण संपलं.

तर आता लिहितो. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. बगीच्यात काका काय म्हणाले ते मला ऐकू आलं होतं. ते म्हणाले, "उठ. रामटेक्याच्या घरी दिवसभर उभी होती ना? मग इथंच काय झालं?" आणि सॅम्पल पाच मिनिटांत खराब होत नाहीत. मी थांबलो नाही कारण ते वाक्य माझं होतं.

एकोणतीस एप्रिल. कुरडयांचा दिवस. आईनं आधीच सांगून ठेवलं होतं, "पत्रिका-बित्रिका आपल्यात नाही. मले एक दिवस पोट्टी माह्यासंग कामाले पाहिजे. चीक घोटते कशी ते पाह्यते, मंग बोलणी पुढं." आणि मी आईला सांगितलं होतं की तुला टायफॉइड होता, आता ठणठणीत आहे. तुला काय सांगितलं ते तुला माहीत आहे. पण मी ते एकदा माझ्या हातानं लिहिलं पाहिजे: एकच दिवस, चेतना. एक दिवस हसून काढ. मग आयुष्यभर मी तुला उठू देणार नाही.

तू नाही म्हणाली होतीस. दोनदा. मी म्हटलं, म्हणजे तुला लग्नच नको आहे.

मग तू चार दिवस आधीपासून पडून राहिलीस. बळ साठवून ठेवलंस, जसं कोणी उन्हाळ्यात पाणी भरून ठेवतं. आणि आलीस. हिरवी ओढणी कंबरेला खोचून. पहाटे चुलीवर ते मोठं गंज, गव्हाचा चीक, आणि तू लाकडी दांडा दोन्ही हातांनी धरून घोटत होतीस. एक गुठळी नाही झाली. शेजारच्या विनूची आई म्हणाली, "कमलाबाई, ही तं तुमच्यापेक्षा हुशार निघाली." आई हसली. आई हसते कधी? मी गच्चीच्या दारात उभा राहून सोऱ्या भरून देत होतो आणि माझी छाती अशी फुगली होती की काय सांगू.

मधल्या वेळात दोनदा तू वरच्या कोठीत जाऊन फरशीवर पडलीस. मी बाहेर उभा राहून बायांना सांगितलं, तिला मैत्रिणीचा फोन आला आहे. सगळ्या हसल्या.

दुपारी जिना उतरताना तुझे पाय थरथरत होते. तू भांडण नसताना मराठीत म्हणालीस, "यश, मले घरी नेऊन दे. आईले दिसू देऊ नको." तेव्हाही तुला माझ्या आईचीच चिंता. त्रेचाळीस डिग्री होतं त्या दिवशी.

आणि बुधवारी मी तुमच्या घरी आलो. मला वाटलं तू खूश असशील, आई हो म्हणाली होती ना! तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. तीन हाका मारल्या. डोळे उघडले नाहीस. मी काय बोललो ते पिंकीसमोर लिहवत नाही, पण तिनंही ते ऐकलंच असेल, आख्ख्या क्वार्टरनं ऐकलं. "तिकडे दहा बायांत हसून राहिली होती, अन् माह्यासमोर मेल्यासारखी! नाटक कंपनी आहे नुसती!" काका दारात उभे होते.

कॅन्टीनमधल्या पोट्ट्याचा मी दात पाडला. माझा कोणी पाडला नाही.

मॅडमना परवा विचारलं, काम रविवारी केलं, मग बुधवारी काहून पडली? लगेच काहून नाही? त्या म्हणाल्या, या आजाराची खूणच ती आहे, दोन-तीन दिवसांनी फेडावं लागतं, दामदुपटीनं. त्या दिवशी पाहणाऱ्याला काहीच कळत नाही.

तू काकांना सांगू शकत होतीस. एवढंच म्हणायचं होतं, मला यशनं करायला लावलं. ते म्हणाली नाहीस. तीन महिने झाले. रोज चक्कर मारतेस आणि माझं नाव घेत नाहीस.

मी काकांना सांगितलं तर आईलाही सांगावं लागेल. आईला सांगितलं तर काय होईल ते तुला माहीत आहे. म्हणून मी एवढे दिवस हातात पेन धरून बसलो आहे. दुसरा काही रस्ता असेल तर सांग. मला थोडा वेळ दे. थोडाच.

तुझा (अजून म्हणू देशील तर),
यश


रायपूर,
१२ ऑगस्ट २०१२, रविवार

आदरणीय बाबाराव काका,
सविनय जय भीम.

काकूंना आणि पिंकीला माझा नमस्कार सांगावा. तुमचं ऑफिस दिवाळीच्या सुमारास नव्या राजधानीत जाणार असं विहारात ऐकलं. तिकडे क्वार्टर मोकळे आहेत, हवा चांगली आहे म्हणतात.

तुम्ही मला घरात येऊ देणार नाही म्हणून पत्र लिहितो. तुमचं बरोबर आहे. तुमच्या दारात मोठ्यानं बोलण्याचा माझा अधिकार मी मे महिन्यातच संपवला. हे पत्र मात्र पूर्ण वाचावं अशी विनंती आहे. तुमच्याकडे रोज शंभर अर्ज येतात. हा शेवटचा समजा.

चेतनाला ताप आला त्या सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत तुम्ही तिच्यावर विश्वास ठेवला. मला माहीत आहे. ऑफिसमधून येताना तिच्यासाठी नारळपाणी आणायचे. रिपोर्ट नॉर्मल आले तरी तुम्ही म्हणायचे, पोरगी उगाच पडून राहणारी नाही, पाचवीपासून पहिली येणारी आहे. मग एका दिवसात तुमचं मत बदललं. तो दिवस मी तयार केला होता.

तिनं आमच्या घरी दिवसभर काम केलं ते मी करायला लावलं. माझ्या आईपासून तिचा आजार मी लपवला. ती दोनदा नाही म्हणाली होती, मी तिला लग्न मोडण्याची धमकी दिली. ती मध्ये दोनदा कोठीत जाऊन पडली, ते मी झाकलं. तीन दिवसांनी तिचे डोळे उघडेनात, तेव्हा तुमच्यासमोर मीच तिला नाटक कंपनी म्हणालो. काका, तुम्ही बगीच्यात तिला जे म्हणता ते तुमचं नाही. तुमच्या मुलीवर अविश्वास ठेवायचं कारण मी तुमच्या हातात दिलं, आणि तुम्ही बाप म्हणून तिला बरं करायला निघालात. तिनं खरं सांगितलं असतं तर मी सुटलो नसतो, म्हणून ती गप्प राहिली.

माझ्याकडे तिच्या आजाराचा पुरावा नाही. मी एक खोटा कागद बनवून तुम्हाला द्यायला निघालो होतो. तिनं अडवलं. जी पोरगी स्वतःच्या सुटकेसाठीसुद्धा एक आकडा खोटा होऊ देत नाही, ती अकरा महिने खोटं पडून राहील का, हे तुम्हीच ठरवा. आमच्या लॅबच्या डॉक्टर विनोदिनी मॅडम बुधवारी, पंधरा ऑगस्टच्या सुट्टीला, चार वाजता तुम्हाला भेटायला तयार आहेत. त्या तुम्हाला सगळं माहीत असल्यासारखं बोलणार नाहीत. शरीराची लढणारी व्यवस्था ताप गेल्यावरही शांत होत नसावी, असा काही डॉक्टरांचा अंदाज आहे, अजून कोणी छातीवर हात ठेवून सांगत नाही. पण दमलेल्या माणसाला चालायला लावून तो बरा होत नाही, उलट खचतो, हे त्यांनी स्वतःच्या तीन रोग्यांत पाहिलं आहे. तुम्ही विचारा. भरपूर विचारा. माझं नाव घ्यायची गरज नाही.

काल मी आईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, "बाप्पा, तू मले पहिलेच सांगतलं असतं तं मी त्या लेकराले चुलीपाशी उभं केलं असतं काय? खुर्चीवर बसवून चहा पाजला असता मी तिले." मग पुन्हा सूप ओढून घेतलं आणि खाली मान घालून म्हणाली, "पण सून नसती केली. खोटं काहून बोलू."

मी आईवर ओरडलो नाही. पहिल्यांदाच असेल. बाबा बाहेर सायकल पुसत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी बाहेर आलो तर एवढंच म्हणाले, "बाबारावले जाऊन सांगशील का मी जाऊ?" मी म्हटलं, मीच लिहितो.

मी मनाशी म्हटलं होतं, आईशी भांडेन, वेगळं घर करेन, चेतनाला तिथं नेऊन ठेवेन. सहा हजार पगार, सकाळी साडेपाचला घराबाहेर. तिला पाणी कोण देईल? मनात हजार वेळा तिला त्या घरात नेलं, आणि दर वेळी ती एकटी पडलेली दिसली. माझ्यासारख्या माणसाच्या हाती आणखी एक 'एकच दिवस' द्यायला नको. ती तुमच्याजवळच राहू दे. तुम्ही नारळपाणी आणणारे माणूस आहात.

तिला यातलं काही वाचून दाखवलंत तरी चालेल, नाही दाखवलंत तरी चालेल. ती रडेल असं वाटलं तर दाखवू नका. रडायलाही बळ लागतं, असं पिंकी सांगत होती.

माझी एकच विनंती आहे. उद्या सकाळी साडेपाचला तिच्या खोलीचं दार उघडू नका. ती झोपली असेल तर झोपू द्या, जागी असेल तर पडू द्या. मी मॅडमना सांगून सकाळचा रस्ता बदलून घेतला आहे. तुमच्या बगीच्यावरून आता मी जाणार नाही, त्यामुळे तुम्ही माझं ऐकलं की नाही हे मला कधी कळणार नाही.

तुमच्या घराचा होता होता राहिलेला,
यशदीप नत्थू रामटेके